सतरावी लादी

परळ,
सोमवार, १९ जानेवारी २०२६

प्रिय इरावती,

सप्रेम नमस्कार. तुझा तिळगूळ आणि तुझं चित्र, दोन्ही शनिवारी शाळेत पोचलं. वड्यांचा भुगा झाला होता, चित्र मात्र शाबूत आहे. भुगा मी डब्यातून घरी नेला आणि तात्यांनी तो चमच्याने खाल्ला. कोणी पाठवला हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. चार फूट बाय तीन फूट! तू माळावर राहून विसरलीस बहुतेक, आमची खोली अजून दहा बाय बाराचीच आहे. भिंतीला लावलं तर कपाट उघडणार नाही, कपाटासमोर ठेवलं तर तात्यांना पाय पसरता येणार नाहीत. शिवाय तुझं चित्र जवळून बघायचं नाही, लांबून बघायचं. आमच्या खोलीत लांब असं काही नाहीच. मी मागे सरकले की पाठीला मोरी लागते.

म्हणून ते आमच्या चित्रकलेच्या वर्गात ठेवलंय. वर्ग म्हणजे पूर्वीची व्हरांड्याची कड, आठ फूट रुंद. तिथेही तेच झालं. नाकासमोर नुसते ठिपके, फटकारे. पांढऱ्यात पिवळा, पिवळ्यात एकदम जांभळा. मागे लिहिलेलं वाचलं तेव्हा कळलं की हे तुमच्या माळेवाडीचं यंदाचं कृषी प्रदर्शन. आमच्या हेडबाई कालिंदीबाई बघून म्हणाल्या, "छान आहे. पूर्ण कधी करणार?" मी म्हटलं, "झालंय ते." त्यांनी पुन्हा बघितलं आणि विषय बदलला.

आता तुझ्या पत्राबद्दल. जूनपासून मी तुझ्या शाळेत यावं, अर्धी शाळा मी बघावी, फेब्रुवारीअखेर कळवावं, नाहीतर तू दुसरं माणूस घेणार. एवढं सरळ तूच लिहू शकतेस. वाचून मला बरं वाटलं हे आधी सांगते. पन्नाशीला टेकलेल्या बाईला कोणी चित्र काढायला बोलावतंय, याचं बरं वाटणारच. पण तात्यांचं तुला ठाऊक आहे. ते ब्याऐंशीचे झाले. म्हाताऱ्या वडिलांना सोडून मी कशी येऊ? चुलतभाऊ शिवा दर रविवारी गावाहून फोन करतो, "तात्यांनू, आता हकडे येवा," म्हणतो, आंब्याची कलमं मोजून दाखवतो. तात्या नुसतं "बघूया" म्हणतात. बारा वर्षं बघतायत. लालबाग काही त्यांच्याने सुटत नाही.

तू विचारशील, हे सगळं फोनवर का सांगत नाहीस. अगं, एका खोलीत फोन म्हणजे दोघांचा फोन. तात्यांचे कान अजून तिखट आहेत. गॅलरीत जाऊन बोलावं तर चौदा बिऱ्हाडं ऐकतात. म्हणून ऑफ तासाला इथे बसून लिहिते.

आणि एक. बावीस फेब्रुवारीला तू मुंबईत येणार, आणि "या वेळी घरी येऊन तुझ्या तात्यांनाच विचारते, बघू मला काय नाही म्हणतात ते," असं लिहिलंयस. इरा, तसं करू नकोस. त्यांना दगदग सोसत नाही. आपण नेहमीसारखं दादरला भेटू, स्टेशनसमोर पियूष घेऊ. सव्वीस वर्षं तू आमच्या घराची पायरी चढली नाहीस, आता कशाला मुद्दाम?

रागावू नकोस. कळावे, लोभ असावा, असं लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिते.

तुझी,
सुचित्रा

*

परळ,
शनिवार, ३१ जानेवारी २०२६

प्रिय इरा,

तुझं दोन ओळींचं कार्ड मिळालं. "येणार म्हणजे येणार." बरं.

त्यावर भांडण नंतर. आज मी तुला तुझ्या चित्राची गंमत सांगते, कारण ती तुझ्या हक्काची आहे.

सहावीचा वर्ग, बेचाळीस मुलं. वर्गात चित्र दिसेना म्हणून आमचा शिपाई गुणाजी आणि मी ते बाहेर मोठ्या व्हरांड्यात नेलं आणि टोकाच्या भिंतीला खुर्चीवर उभं केलं. व्हरांडा लांबलचक, खाली चौकोनी लाद्या, एकेक फुटाच्या. मुलांना म्हटलं, काय दिसतं ते सांगा. सगळी चित्राला नाक लावून उभी.

"बाई, यात काहीच नाय. नुसते डाग."

"बाई, कोणीतरी ब्रश पुसलाय."

मी म्हटलं, एकेक लादी मागे सरका. मग खेळच सुरू झाला. पाचव्या लादीवर कोणाला तरी लाल ट्रॅक्टर दिसला. काहींना ती एसटी वाटली. नवव्या लादीवर बैल उठून उभे राहिले. खरंच गं, उभे राहिले. तोवर जे राखाडी-पांढरे फटकारे होते त्यांना एकदम वशिंडं आली, शिंगं आली. वैभव नावाचा एक दांडगा मुलगा आहे, तो दचकून मागे सरला. मनूने लगेच खडूने लादीवर लिहून टाकलं, "बैल." मनू आमच्याच चाळीतली, दुसऱ्या मजल्यावरची. तात्यांना आजोबा म्हणते, त्यांचा पेपर आधी वाचते.

मग प्रत्येक लादीला नाव पडायला लागलं. अकरावीवर उसाच्या मोळ्या. तेरावीवर आकाशपाळणा. आणि सतराव्या लादीवर सगळं एकदम बसलं. मंडप, धूळ, दुपार, माणसं, सगळं. बेचाळीस मुलं एकमेकांना न ढकलता उभी राहिली. आमच्या शाळेत असं होत नाही.

मग वैभव म्हणाला, "बाई, ही लाइन आहे." मंडपाकडे जाणारे तुझे ते रंगीत ठिपके. "दर्शनाची लाइन. बघा ना, बांबू पण बांधलेत."

"ती बैल बघायला आलेली माणसं आहेत," मी सांगितलं.

"म्हणजे बैलाच्या मुखदर्शनाची," एक मुलगी म्हणाली. "नवसाची अशी नसते, ती मागून फिरवतात." त्यावर दहा मिनिटं चर्चा. मी अडवलं नाही. लालबागच्या पोरांना गर्दी म्हटली की एकच गर्दी ठाऊक. बैल विकायला ठेवलेत की नुसते बघायला, यावरही वाद झाला. त्यांच्या माहितीतलं प्रदर्शन म्हणजे दादरचं साड्यांचं, तिथे बघतात सगळे आणि घेतं कोणीतरी एक.

"बाई, सावली जांभळी कशी?" हा प्रश्न मला हवाच होता. सगळ्यांना खाली मैदानात नेलं, बारा वाजायला आले होते. झेंड्याच्या खांबाची सावली बघा म्हटलं. आधी सगळे काळी म्हणाले. मग डोळे बारीक करून बघितलं तेव्हा एकेकाला निळसर दिसायला लागली. मला हे कॉलेजात तू शिकवलं होतंस, सरांनी नाही.

पुन्हा वर आलो आणि मनू म्हणाली, "बाई, ह्या कोपऱ्यातल्या बाई कोण?"

मी ती तोवर बघितलीच नव्हती. उजवीकडे खाली, प्रदर्शनाच्या कमानीत, चार फटकाऱ्यांची बाई. हिरवी साडी, डोक्याच्या जागी एक गडद ठिपका. तो ठिपका चेहऱ्याचा की अंबाड्याचा ते कळेना. म्हणजे ती आत येतेय की बाहेर जातेय तेच कळेना. सतराव्या लादीवरून नाही, विसावीवरून नाही, बाविसावी शेवटची, तिथे सगळी मुलं भिंतीला पाठ लावून एकमेकांच्या अंगावर उभी राहिली, तरी नाही. "बाई, अजून मागे जायला पायजे," म्हणाली. मागे भिंत होती.

हात वर करून मतं घेतली. येतेय म्हणणारे तेवीस, जातेय म्हणणारे अठरा. मनूने हात वर केला नाही. मी विचारलं, तुझं काय?

"बाई, ती 'येते' म्हणतेय."

"म्हणजे येतेय?"

"नाय. जाताना पण आपण येतेच म्हणतो ना. जाते म्हटलं की आजी ओरडते. मग कळणार कसं?"

इरा, मी फळा पुसायला वळले आणि व्हरांड्यात फळा नाही हे मग लक्षात आलं.

पुढे मुलांनी विचारायला सुरुवात केली. चित्र कोणी काढलं, बाई? माझ्या मैत्रिणीने. ती कुठे राहते? तिथेच, माळावर, मुलांना चित्रकला शिकवते. मग तुम्ही नाही गेलात तिथे? नाही. का नाही गेलात?

आणि मी म्हणाले, "तात्या नाही म्हणाले."

पटकन तोंडातून गेलं. मुलं हसायला लागली. एकोणपन्नास वर्षांची बाई, चष्मा, पांढरे केस, आणि बाबा नाही म्हणाले. वैभव म्हणाला, "बाई, तुमचे पप्पा तुम्हाला अजून ओरडतात?" मीही हसले. मनू हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तात्यांना ओळखते ना ती.

असो. घंटा झाली. ती बाई कोण, हे तू मला सांगशील का? हिरवी साडी मी कधी नेसत होते हे तुला आठवतंय की उगाच आलाय तो रंग?

बावीस तारखेचं पुन्हा एकदा विनवून सांगते. दादरलाच भेटू.

सुची

*

परळ,
शुक्रवार, ६ फेब्रुवारी

इरा,

घाईत लिहितेय. घरी थोडी गडबड आहे. तात्यांची तब्येत ठीक आहे, तसं काही नाही. मनूने त्यांना काहीतरी विचारलं आणि तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. दोन दिवस झाले. मी चहा ठेवते, ते पितात. पेपर वाचतात. मी समोर आले की पान उलटतात. खोलीत दोन माणसं आणि बोलणं नाही, म्हणजे काय होतं ते तुला सांगून कळायचं नाही. भांडी घासली तरी मोठ्याने घासल्यासारखं वाटतं. बाहेर गॅलरीत उभी राहिले तर शेजारच्या शेवंतीकाकू विचारतात, "काय गो, तात्यांका बरा नाय?" पुन्हा आत यावं लागतं.

मी तुला एक गोष्ट लिहायला बसले होते. जमत नाही. पान फाडलं.

तू येऊ नकोस. खरंच येऊ नकोस, इरा.

सु.

*

परळ,
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

प्रिय इरा,

हे पत्र मी एका बैठकीत लिहिणार आहे. पान फाडणार नाही. तू शेवटपर्यंत वाच आणि मग काय म्हणायचं ते म्हण.

मनूने तात्यांना विचारलं ते असं. ती पेपर आणायला आली होती आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाईंना चित्र काढायला का नाय पाठवलंत? बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, तात्या नाही म्हणाले." तात्यांनी तिला एवढंच विचारलं, "कोणी बोलावलेलान?" मनू म्हणाली, "मैत्रिणीने. माळेवाडीच्या." मग तिने ती बाई, ते येते-जाते, सगळं सांगितलं. हे मला मनूनेच दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत सांगितलं.

शनिवारी सकाळी तात्या तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले. "माका ता चित्र दाखय."

तीन मजले उतरले काठी घेऊन. टॅक्सी करू म्हटलं तर नको म्हणाले, चालत आले, पुलाखालून, मध्ये दोनदा उभे राहिले. शाळेत शनिवारची सकाळची मुलं होती. मनू धावत येऊन लाद्या दाखवायला लागली, इथे बैल, इथे ऊस. तात्यांनी तिला थांबवलं. ते चित्रापासून उलटे मागे मागे चालत गेले आणि सतराव्या लादीवर, नाव न वाचता, आपोआप उभे राहिले. तुला आठवतं का, ते मिलमध्ये रंगखात्यात होते. चौतीस वर्षं. कापडाचा रंग हातात धरून बघायचा नसतो, खात्याच्या दारातून बघायचा, असं ते सांगायचे. आम्हा कोणाला ते आठवलंच नव्हतं.

बराच वेळ बघत होते. मनूला धीर निघेना. "आजोबा, त्या बाई येतायत की जातायत?"

तात्या म्हणाले, "ही बाय ना येता, ना जाता. रवलीहा ती."

मनूला कळलं नाही. मला कळलं. आमच्याकडे रवणं म्हणजे थांबणं आणि राहणंही, एकच शब्द. तात्यांनी काठीने लांबूनच दाखवलं. "तिची सावली बघ. दोनय पाय सावलेक चिकटलेत. चालणाऱ्या माणसाचो एक पाय उचललेलो आसता." बेचाळीस मुलं आणि मी, आम्ही सगळे तिच्या डोक्याकडे बघत बसलो होतो. जांभळी सावली मीच शिकवली आणि तीच बघितली नाही.

मुलं वर्गात गेली. तात्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मी उभी होते. ते म्हणाले, "मी कधी नाय म्हटलंय?"

आता तुला सांगते, इरा. जून १९९९. तू ट्रंक घेऊन चाळीत आलीस. आपल्या दोघींना माळेवाडीच्या शाळेचं पत्र आलं होतं. मी तुला जिन्यावरच गाठलं आणि सांगितलं, "तात्या नाही म्हणाले." तू ऐकलं नाहीस, वर दारापर्यंत आलीस. तात्या आत बसले होते, "या, बसा," म्हणाले. तू बसली नाहीस. त्यांच्याकडे बघून "जाते" म्हणालीस आणि गेलीस.

तात्या नाही म्हणाले नव्हते. तात्यांना मी विचारलंच नव्हतं. ते पत्र मी त्यांना दाखवलंसुद्धा नव्हतं. तू सव्वीस वर्षं ज्या माणसावर राग धरलास, त्याने काही केलेलं नाही. त्याला आजवर माहीतही नव्हतं.

आणि त्यांना ते लागलं होतं. त्यांच्या लेखी तू अजून फणसवाडीची मुलगीच. दर दिवाळीला तुझं कार्ड आलं की म्हणायचे, "फणसवाडीचा ता चेडू 'जातंय' म्हणान गेला. माझा काय चुकला गो?" मी म्हणायची, काही नाही तात्या, तिचा स्वभावच तसा. म्हणजे तिकडे मी त्यांना बदनाम केलं आणि इकडे तुला. आणि दोन्हीकडे मी सोशिक.

का केलं, हे तू विचारशील. मी खूप विचार केला आणि एकच उत्तर खरं आहे. मला भीती वाटली होती. आदल्या वर्षी कॉलेजची सहल त्याच भागातल्या प्रदर्शनाला गेली होती. तू तीन दिवसांत अकरा स्केचेस केलीस, उन्हात बसून. मी एका बियाण्याच्या स्टॉलच्या आत बसून तराजू काढला. तीन दिवस एक तराजू. सर म्हणाले, ड्रॉइंग उत्तम आहे. पण मला माहीत होतं मी आत का बसले. बाहेर गेले की मला मागे सरकत जाता यायचं, कितीही. कुठे थांबायचं तेच कळायचं नाही. आमच्या खोलीत मोरी लागते, मग कळतं. तिथे काहीच लागत नव्हतं. माझ्या हातात काही नाही हे तिथे सगळ्यांना दिसेल असं वाटलं, तुला तर नक्कीच.

हे तुला सांगायची लाज वाटली. "तात्या नाही म्हणाले" सोपं होतं. गिरणीत काम केलेला, आई गेल्यानंतरचा एकटा बाप मुलीला लांब पाठवत नाही, यात कोणाला काही विचारावंसं वाटत नाही. तू एका क्षणात विश्वास ठेवलास, आणि त्याचाही मला राग आला.

मग ती सवयच झाली. शाळेचं शिबिर असलं, तात्या नाही म्हणाले. हितेंद्रचं स्थळ आलं होतं, तुला लिहिलं होतं मी, तेव्हाही तात्या नाही म्हणाले. त्या स्थळाचंही त्यांना माहीत नव्हतं. एकदा त्यांचं नाव घेतलं की मग तसं वागावं लागतं. जिचे तात्या कुठे जाऊ देत नाहीत, ती साडेसहाला घरीच दिसली पाहिजे. मी दिसले. सव्वीस वर्षं रोज. बाहेरून कडी लावलेली आहे असं सगळ्यांना सांगत मीच आतून धरून बसले होते.

हे सगळं मी बाकाशेजारी उभी राहून तात्यांना सांगितलं. रडले नाही. आवाज फार वाईट येत होता. ते चित्राकडे बघत ऐकत होते. मला वाटलं, म्हणतील, जाऊ दे, झालं ते झालं. ते तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "इचारलंस असतंस तर मी तुका पोचवक इलंय असतंय." म्हणजे स्वतः मला सोडायला आले असते.

मग बऱ्याच वेळाने, "शिवा बारा वर्सां बोलयता. माका काय हंय लालबाग चाटूचा आसा? तू एकटी पडशीत म्हणान मी रवलंय."

मी खाली लादीवर बसले. त्या वेळी रडले. शाळेत, गणवेशातली दोन मुलं जिन्यातून बघत होती, तरी. मी त्यांच्यासाठी अडकले असं जगाला सांगत होते, आणि ते माझ्यासाठी अडकले होते, कोणालाही न सांगता. त्यांची ती बारा वर्षं मी खाल्ली. माझी गेली ती माझ्या हाताने गेली, त्याचं एवढं नाही.

ते अजूनही रागावलेले आहेत. तुला वाटेल आम्ही गळ्यात गळा घातला, तसं काही झालेलं नाही. घरी आलो, त्यांनी पेपर उघडला. पण रविवारी शिवाचा फोन आला तेव्हा "बघूया" म्हणाले नाहीत. "मे महिन्यात येतंय," म्हणाले. आणि फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या चेडवाक घराक बोलय. दारात उभी रवान तू तिका खरा सांग. माझ्यासमोर."

तर बावीस तारखेला घरी ये. तिसरा मजला, डावीकडून चौथी खोली, तुला आठवत असेल. तात्या "या, बसा" म्हणतील. या वेळी बस. मी जिन्यावर तुला गाठणार नाही. जे इथे लिहिलंय ते सगळं मी दारात उभी राहून पुन्हा सांगेन, तेव्हा तू मला हवं ते बोल, मी ऐकेन. पण निघताना त्यांच्याकडे बघून "येते" म्हण. त्यांना सव्वीस वर्षं तेवढंच ऐकायचंय.

मग आता जूनचं. मला उघड्यावर चित्र काढता येईल की नाही, हे मला अजून माहीत नाही. भीती होती तिथेच आहे, उलट वय वाढलं तशी वाढली आहे. कदाचित तुझ्या माळावर येऊन मी पुन्हा स्टॉलच्या आत बसून तराजूच काढेन. तसं झालं तर तू मला हसायचं नाहीस. पुढे करायला आता माझ्याकडे कोणाचं नाव नाही, आणि फेब्रुवारीअखेर म्हणालीस, तर कालच मी कालिंदीबाईंना मे अखेरपासून सोडत असल्याचं लेखी दिलं. त्यांनी विचारलं, "घरी विचारलंत का?" मी हो म्हटलं, रविवारी रात्रीच तात्यांना विचारलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं.

मनूने आज विचारलं, मग बाई, त्या बाईंचं पुढे काय होणार? मी म्हटलं, चित्रातल्या बाईला पाय उचलता येत नाही. चित्र मी शाळेतच ठेवतेय, तुझी हरकत नसेल तर. व्हरांड्यातच असू दे, लाद्यांवरची नावं गुणाजीने पुसू नयेत असं सांगितलंय.

खाली लिहिलेलं निरोपाचं समजू नकोस.

येते.

सुची